सावडीतला चीक

यंत्रानं चौसष्ट दाखवले तेव्हा मथुरेला वाटलं, काच पुसायची राहिली असेल. म्हणून तिनं आपल्या पदरानं काच पुसली.

"आई, पदर नको ना!" तिची सून प्राजक्ता जवळजवळ किंचाळलीच. "पदरावर काय काय असतं!"

"काय असतं? माझाच तर पदर आहे."

प्राजक्तानं कपाटातून पाकीटबंद कापड काढलं, काच पुन्हा पुसली, आणि मथुरेनं उजवा पंजा पुन्हा टेकवला. हिरवी रेघ बोटांच्या टोकांपासून मनगटाकडं सरकायला लागली. नव्वद सेकंद लागतात. बाहेर गच्चीवर पन्नासेक पर्यटक हातात वाइनचे पेले धरून गव्हाच्या चिकाची वाट बघत होते, आणि आत या दोघी एका आकड्याची.

चौसष्टच.

"साठाच्या खाली गेला तर प्रमाणपत्र जाईल, माहिती आहे ना?"

"माहिती आहे गं बाई. रोज सांगतेस."

प्राजक्ता गच्चीवर गेली आणि एकदम आवाज बदलून सुरू झाली, "सोनवती नदीच्या खोऱ्यात आपलं स्वागत! सातशे वर्षांपूर्वी या काळ्या मातीत..." सोनवती इस्टेट नावाच्या वाइनरीत ती पर्यटकांना खोऱ्याचा इतिहास सांगायची. सातशे वर्षं कुणी मोजली, देव जाणे. मथुरेनं एकदा विचारलंही होतं. प्राजक्ता म्हणाली, "आई, गोल आकडा लोकांच्या लक्षात राहतो." खरा इतिहास सांगायचा तर या खोऱ्यात आधी गहू होता. मग कांदा आला, टोमॅटो आला, खायची द्राक्षं आली, आणि मथुरेच्या सासऱ्यांच्या डोळ्यांदेखत वाइनची द्राक्षं आली. त्यामागं पुण्या-मुंबईची माणसं आली, आणि ती आली म्हणून इतिहास आला. पण गहू मात्र खरा जुना, आणि त्या गव्हाचा चीकही खरा जुना. तेवढं प्राजक्ता खोटं सांगत नव्हती.

आता हे हात मोजायचं खूळ काय, ते सांगतो. त्याशिवाय पुढं जाण्यात अर्थ नाही.

चार वर्षांपूर्वी, म्हणजे २०३९ साली, डॉ. निहार सोहनी नावाचा पुण्याचा सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ इस्टेटीत कामाला आला. आला होता द्राक्षांसाठी. द्राक्षाच्या सालीवर रानटी यीस्ट असतं आणि एका बागेची वाइन दुसरीसारखी लागत नाही, याचं थोडं श्रेय त्या यीस्टला जातं. सोहनीच्या डोक्यात आलं, बागेचं असतं तसं हाताचं का नसेल? आपण कितीही हात धुतले तरी तळव्यावर शे-दीडशे जातींचे जीव वस्तीला असतात. प्रत्येकाची वस्ती निराळी. "हिच्या हाताला चव आहे" असं आपल्या आयाबाया म्हणत आल्या, ते या माणसानं काचेवर सिद्ध करून दाखवलं.

चिकाचं उदाहरण त्याला आयतंच सापडलं. गहू तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, चौथ्या दिवशी वाटायचे आणि तो लगदा पाण्यात हातानं पिळून पिळून त्याचं दूध काढायचं. ते रात्रभर निवळू द्यायचं. त्या पिळण्यात हातावरचे जीव दुधात उतरतात आणि आपलं काम करत बसतात. सकाळी वरचं आंबूस पाणी ओतून दिलं की खाली घट्ट चीक. तो शिजवला की जीव मरतात, पण त्यांनी केलेली चव मागं राहते. गरम चीक वाटीत घेऊन खावा, नाहीतर सोऱ्यातून कुरडया पाडून उन्हात वाळवाव्यात. सोहनीनं त्यातले दोन मुख्य जीव हुडकले, एक आंबवणारा जिवाणू आणि एक यीस्ट, आणि हातावर ते दोघं किती आहेत हे मोजणारं यंत्र केलं. शंभरातला जो आकडा येतो त्याला नाव दिलं हस्तांक.

त्यानं शिरसवणी गावातले सगळे हात मोजले. मथुरेचा एक्याण्णव आला. एवढा कुणाचाच नाही. जगात कुठंच नसेल, असं तो म्हणाला तेव्हा मथुरा लाजून आत पळाली होती. छप्पन्न वर्षांची बाई!

ते जीव बाटलीत वाढवून बघितले, पण जमेना. बाटलीत एकच जात दांडगी होते आणि बाकीच्यांना जगू देत नाही. म्हणजे जिवंत हातच पाहिजे. मग इस्टेटीनं मथुरेशी करार केला. हस्तांकाचं प्रमाणपत्र मिळालं आणि 'एक हात, एक चव' अशी पाटी लागली. हात शुद्ध राहावा म्हणून नियम आले. घराबाहेर हातमोजे घालायचे, दिलेल्याच साबणानं धुवायचं, दुसरीच्या पिठात हात घालायचा नाही आणि दुसरीला आपल्यात घालू द्यायचा नाही. आणि इथंच घोडं पेंड खायला लागलं.

कारण शिरसवणीत चीक कधी एकटीनं केलाच नव्हता.

पिंपळगल्लीत सहा घरांची सावड असायची. आज हिच्याकडं, उद्या तिच्याकडं. सहाही जणी एकीचे गहू पिळणार, दुसऱ्या दिवशी दुसरीचे. फाल्गुनातले सहा दिवस गल्लीत नुसता कालवा. एकीची सासू, दुसरीचा नवरा, तिसरीची लबाडी, सगळं त्या घमेल्यात पिळून निघायचं. मथुरेची द्राक्षं उशिरा उतरायची म्हणून तिची पाळी नेहमी शेवटची, सहाव्या दिवशी. आणि दरवर्षी सगळ्या म्हणायच्या, "मथुरे, तुझा चीक तो तुझा चीक!" ते ऐकायला मथुरेला फार आवडायचं. खोटं कशाला बोला.

सावडीतली तिची जिवाभावाची मैत्रीण म्हणजे शेजारची निर्मला गामणे. दोघी एकाच वैशाखात लग्न होऊन गल्लीत आल्या, दोघी एकाच हिरीवर पहिल्यांदा रडल्या. करारानंतरचा पहिला फाल्गुन आला तेव्हा निर्मला नेहमीसारखी मागच्या दारानं आली, बांगड्या वर सरकवत. "चल गं, किती गहू घातलेत यंदा?" म्हणत तिनं घमेल्यात हात घातलासुद्धा. आणि मथुरा ओरडली, "हात घालू नकोस!"

मागं इस्टेटीचा तपासनीस वही घेऊन उभा होता. निर्मलेनं त्याच्याकडं बघितलं, मथुरेकडं बघितलं. ओला हात आपल्याच साडीला पुसला आणि ती निघून गेली. मथुरेनं ते घमेलं त्याच्यादेखत गटारीत ओतलं, कारण तसा नियम होता. महिन्याभरात ओढ्यापलीकडच्या 'तिसरा बांध' वाइनरीनं निर्मलेचा हात करारावर घेतला. तिचा अठ्ठ्याऐंशी होता. तिलाही तेच नियम, तेच हातमोजे. हळूहळू सहातल्या पाच जणींचे करार झाले आणि सावड मोडली. भांडण म्हणाल तर झालं नाही. दोघी शेजारणी रस्त्यात भेटल्या की "बरी आहेस?" "बरी आहे" एवढं व्हायचं आणि दोघींचे मोज्यातले हात पदराखाली जायचे.

तर असा तो चौसष्ट.

दुसऱ्या दिवशी डॉ. सोहनी घरी आला. चहा पुढ्यात निवत होता आणि हा आपला कपाच्या कानाशी खेळतोय.

"काकू, मी चार वर्षांपूर्वी सगळ्यांच्या हातांचे नमुने गोठवून ठेवले होते. काल ते काढून बघितले."

"मग?"

"तुमच्या हातावरच्या सतरा जाती नाहीशा झाल्यात. ते दोन मुख्य जीव या बारक्या जातींच्या आधारावर जगतात. आधार गेला, म्हणून तेही खंगत चाललेत. आणि काकू, या सतरा जाती मुळात तुमच्या नव्हत्याच." तो थांबला. "त्या गल्लीतल्या बाकीच्या बायकांच्या. बऱ्याचशा निर्मलाकाकूंच्या. दरवर्षी सावडीत तुमच्याकडं यायच्या. तुमची पाळी शेवटची ना? पाच दिवस सगळे हात एकमेकींत मिसळून मग तुमच्या घमेल्यात उतरायचे. आणि मी नमुना घेतला तो नेमका त्याच्या दुसऱ्या दिवशी."

मथुरेला पहिल्यांदा आठवलं ते गटारीत ओतलेलं घमेलं.

"म्हणजे माझ्या हाताला चव नव्हतीच?"

"होती. सगळ्यांची मिळून होती."

"आणि शुद्ध ठेवा, शुद्ध ठेवा हे कुणी सांगितलं होतं?"

"मी," सोहनी म्हणाला. "करारातलं ते कलम मीच लिहून दिलंय. बाटलीत जाती एकमेकींना मारतात, म्हणून वाटलं हातावरही तसंच होईल. मी कधी सावड बघितलीच नव्हती, काकू."

मथुरेला त्याला खूप बोलायचं होतं, पण पोरगं इतकं पडेल तोंडानं बसलं होतं की तिनं त्याचा चहा पुन्हा गरम करून आणला.

उपाय होता, तोही त्यानंच सांगितला. निर्मलेच्या हातावर त्यातल्या काही जाती अजून असाव्यात. दोघींचे हात एकदा एकाच पिठात चांगले मिसळले तर वस्ती पुन्हा धरेल. मात्र याच उन्हाळ्यात. पुढच्या वर्षापर्यंत तिच्याही हातावर काही उरायचं नाही. "पण इस्टेट परवानगी देणार नाही. मी विचारलं. पाटीवर एक हात लिहिलंय, दोन हात कसे चालतील, असं म्हणाले."

"आणि तुम्ही काय म्हणालात?"

"मी नोकर माणूस, काकू."

त्यानंतर आठवडाभरानं निर्मलेचं बोलावणं आलं. तिची मुलगी ओवी, हिचं लग्न ठरलं होतं, लातूरचं स्थळ. लग्नाआधी मुहूर्ताचे सांडगे घालायचे असतात. पाच सवाष्णी एका परातीत डाळीचं वाटण कालवतात, परातीला हळदीकुंकू वाहतात आणि पहिले सांडगे तोडतात. त्याशिवाय लग्नघरात वाळवणाला हात लागत नाही. निरोप घेऊन ओवी स्वतः आली. "काकू, आईनं सांगितलंय, पहिली सवाष्ण तुम्ही."

मथुरेचं काळीज सुपाएवढं झालं. बोलावणं तर आलंच, शिवाय एक परात, आणि त्यात निर्मलेचा हात. देवानंच गाठ घातली, दुसरं काय!

पण प्राजक्ता काही दुधखुळी नव्हती. संध्याकाळी भाजी निवडताना तिनं विषय काढला. "आई, सोहनीसर काय बोलले ते मला कळलंय. तुम्ही तिकडं मोजे काढणार आहात ना?"

मथुरा देठं मोडत राहिली.

"माझं सोडा. पण तुमच्या हाताच्या नावावर इस्टेटीच्या स्वयंपाकघरात अकरा बाया कामाला आहेत. उद्या कुणी सांगितलं की मथुराकाकूंनी तिसऱ्या बांधाच्या हाताला हात लावला, तर प्रमाणपत्र जाईल आणि त्या अकराही जणी घरी बसतील. त्यांना काय सांगायचं?"

"आणि आकडा साठाखाली गेल्यावर काय सांगणार आहेस?"

"तेव्हाचं तेव्हा बघू. निदान तुम्ही मुद्दाम केलं असं तरी नाही होणार." प्राजक्तानं हातातली जुडी खाली ठेवली. "आई, मी हात जोडते."

सून वाईट नव्हती हो. तीही बिचारी दोन्हीकडून चेपलेली. मथुरेनं तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाली, "नाही काढत मोजे. जा, कुकर लाव." आणि आयुष्यात पहिल्यांदा सुनेशी धडधडीत खोटं बोलली.

सांडग्यांच्या दिवशी निर्मलेच्या पडवीत परात मांडली होती. पाची जणी पाटांवर बसल्या. एक तेवढी बिनकराराची, बाकी चौघी मोज्यांत. हळदीकुंकू वाहून झालं. बाकीच्या मोज्यानंच वाटण चाचपायला लागल्या, जसं काही मेलं विंचवाला धरायचंय. निर्मला समोर बसली होती. तीन वर्षांत तिचे केस बरेच पांढरे झाले होते. शेजारी राहून हे मथुरेला आज दिसलं.

मथुरेनं दोन्ही मोजे काढले, मांडीखाली सारले, आणि हात मनगटापर्यंत वाटणात खुपसले.

बाकीच्यांचे हात परातीतच थांबले.

"मथुरे," निर्मला म्हणाली.

"काढ ते मोजे. मुहूर्ताचे सांडगे आहेत का दवाखाना आहे?"

निर्मलेनं मोजे काढले नाहीत. तिचे ओठ काहीतरी बोलायला हलले आणि राहिले. मथुरेला वाटलं, ही आता त्या घमेल्याचं काढणार. काढलं असतं तर बरं झालं असतं, मथुरेनं तिथंच सगळ्यांदेखत माफी मागितली असती. पण निर्मलेच्या डोळ्यांतून टपटप पाणी पडायला लागलं. तिनं एक मोजा ओढला, दुसरा ओढला, आणि वाटणाच्या आत मथुरेचे हात घट्ट धरले.

मग काय विचारता! बाकीच्यांनीही मोजे फेकले. हिंग जास्त झाला का, मीठ कुणी घातलं, ओवीची सासू कशी आहे, आपापली सासू कशी होती, सगळं निघालं. मथुरा इतकी हसली की तिला ठसका लागला. पडवीतल्या एकीनंही बाहेर तोंड उघडलं नाही, ही त्या बायकांची पुण्याई. मथुरेनं दिवसभर हात धुतले नाहीत, नुसते कोरड्या फडक्याला पुसले.

आठ दिवसांत आकडा एकाहत्तर झाला. पंधरा दिवसांत त्र्याऐंशी. आणि विसाव्या दिवशी यंत्रानं शहाण्णव दाखवले.

प्राजक्तानं सासूला मिठी मारली. इस्टेटीनं पेढे वाटले. त्या अकरा बायांनी मथुरेची ओटी भरली. मथुरेनं त्या सकाळी स्वतः पिळलेला, स्वतः शिजवलेला चीक वाटीत घेतला, वर तेल आणि तिखट घातलं आणि पहिला घास तोंडात टाकला.

आंबट होता. वासही बरोबर होता. पण गिळला की मागं काही राहतच नव्हतं. पूर्वी चीक खाल्ल्यावर घटकाभर जिभेवर काहीतरी रेंगाळायचं, थोडं गोड, थोडं ओल्या मातीसारखं, नाव सांगता न येणारं. ते नव्हतं. तिनं दुसरा घास घेतला, तिसरा घेतला. नवऱ्याला, म्हणजे तात्यांना वाटी दिली. तात्यांनी चाटून पुसून संपवली आणि म्हणाले, "वा! अगदी हॉटेलातल्यासारखा झालाय."

मथुरेनं सोहनीला बोलावून घेतलं. त्यानं हात पुन्हा वाचला, या वेळी नुसता आकडा न बघता सगळी यादी उघडली. बघता बघता त्याचा चेहरा उतरला.

"काकू, तुमच्या हातावर आता जवळजवळ एकच जात आहे. ही खोऱ्यातली नाही. प्रयोगशाळेत तयार केलेली आहे, मलमातून हाताला लावायची. तिसऱ्या बांधानं आणल्याची कुजबुज होती. त्या दोघा मुख्य जिवांतल्या जिवाणूची ही ताकदवान जात. यंत्राला वाटतं, वा, भरपूर आहेत! आणि यंत्राला मोजायला मीच शिकवलंय. पण ही जात हातावर आली की आधीचं कुणाला राहू देत नाही. तुमच्या जुन्या जाती होत्या नव्हत्या त्याही गेल्या."

"मग ही धुवून काढा. काहीतरी औषध असेल."

"धुतली तरी खाली कोण उरलंय? तुमच्या गल्लीतले ते जीव जगात दुसरीकडं कुठंच नव्हते, काकू."

"आणि तुम्ही गोठवून ठेवलेले?"

"गोठवताना मेलेले. मला तेव्हा फक्त मोजायचे होते."

मथुरा म्हणाली, मालकांना सांगा. सोहनी म्हणाला, सांगितलं. मालकांनी दोन वाट्या चीक खाल्ला आणि विचारलं, पर्यटकांची तक्रार आहे का? नव्हती. खोऱ्याला शहाण्णव मिळालेत, आता हा विषय पुढं वाढवू नका, असं सांगून ते उठले.

त्या दुपारी मथुरा निर्मलेकडं गेली ती मागच्या दारानं. निर्मला रुखवताची मांडामांड करत होती. मथुरेनं सरळच विचारलं, "तू मलम लावतेस?"

निर्मला खाली बसली. "दोन वर्षं झाली. माझा आकडा पंचावन्नावर आला होता. कुणाला सांगायचं नाही असं लिहून घेतलंय. मुलाला तिथंच नोकरीला चिकटवलंय ना त्यांनी."

"अगं, मग त्या दिवशी हात कशाला काढलास मोज्यातून!"

"काढायला नकोच होता. येत होतं तोंडापर्यंत, सांगणार होते." निर्मलेनं पदर डोळ्यांना लावला. "तीन वर्षांनी तू माझ्या परातीत हात घातलास, मथुरे. मला नाही म्हणवेना."

मथुरेला तिचा राग यायला हवा होता. आणायचा प्रयत्नही केला तिनं. पण राग येईना. आपण 'हात घालू नकोस' म्हणालो तेव्हा ते म्हणायला नको होतं आणि हिनं म्हणायला हवं होतं तेव्हा हिला म्हणवलं नाही. दोघींना मिळून एवढंच जमलं होतं.

रुखवतात एक स्टीलचा डबा होता. निर्मलेनं झाकण उघडून पुढं केला. आत एकवीस कुरडया होत्या, फुलासारख्या पांढऱ्या.

"शेवटच्या सावडीतल्या. तुझ्या घरच्या, सहाव्या दिवसाच्या. ओवीच्या रुखवताला म्हणून तेव्हाच बाजूला काढल्या होत्या."

मथुरेनं तिथूनच सोहनीला फोन लावला. यातून परत आणता येईल का? तिकडून उत्तर आलं, "काकू, ते शिजवून वाळवलेलं आहे. फोटोतून माणूस परत येतो का?"

"एक तळू?" निर्मलेनं विचारलं. "दोघींत खाऊ."

मथुरेच्या तोंडाला पाणी सुटलं, अगदी खरोखर. तिनं डब्यात बघितलं. मग झाकण लावलं. "नको. पोरीच्या रुखवतातलं कमी करू नये. एकवीसच जाऊ देत."

असं आपल्या बायकांचं असतं. जगातली शेवटची चव समोर असली तरी आधी रुखवताची मोजणी पुरी झाली पाहिजे.

लग्न थाटात झालं. डबा लातूरला गेला. मथुरा आणि निर्मला पुन्हा एकमेकींच्या अंगणात बसायला लागल्या, उघड्या हातांनी. आता कुणाचा कुणाला विटाळ होणार होता? दोघींच्या हातांवर एकच जात, दोघींचा आकडा शहाण्णव. पलीकडच्या गावांतल्या वाइनऱ्यांनीही तेच मलम मागवलं. खोऱ्यात कुठंही जा, चीक सारखाच लागायचा, आणि पर्यटक म्हणायचे, इथली परंपरा किती घट्ट धरून ठेवलीय बघा.

लग्नानंतर दहाव्या दिवशी सकाळी मथुरेच्या अंगणात बाजेवर नव्या कुरडया वाळत घालून दोघी बसल्या होत्या, तेव्हा ओवीचा फोन आला. निर्मलेनं आवाज मोठा करून फोन मधे ठेवला. पूजा छान झाली, सासरे हौशी आहेत, दीर फार चिडवतो, असं सगळं सांगून झालं.

"आणि आई, त्या डब्यातल्या कुरडया! सासूबाईंनी पूजेच्या जेवणाला सगळ्या तळल्या. लोकांनी अक्षरशः भांडून खाल्ल्या गं! एक आजोबा तर म्हणाले, आमच्या आईच्या हातची आठवण झाली. मला शेवटी एक तुकडा मिळाला. काय चव होती!"

निर्मलेनं तोंड फिरवलं.

"सगळ्या?" मथुरेनं विचारलं.

"हो काकू, एक उरली नाही. सासूबाई विचारतायत, अजून पाठवाल का थोड्या? पुढच्या महिन्यात नणंदेचं डोहाळजेवण आहे. पण अगदी तशाच हव्यात हं, तुमच्या हातच्या."

मथुरा बाजेवरच्या कुरडयांकडं बघत राहिली. छान पडल्या होत्या. रंगही पांढरा, वेढेही सारखे.

"काकू, ऐकू येतंय ना?"

"येतंय गं," मथुरा म्हणाली. "पाठवते. वाळल्या की पाठवते."

फोन बंद झाला. ऊन चढलं होतं. दोघी उठल्या आणि कुरडया उलटायला लागल्या.